पावसातच उलगडणारं मॉस आणि त्यासाठी निवडलेला कॅमेरा

माझी मावसबहीण मॉसचा अभ्यास करते. दगडांवर, ओढ्याकाठी, झाडांच्या बुंध्यांवर जी हिरवी मखमल दिसते तिला आपण शेवाळ म्हणून मोकळे होतो. तिला त्याच मखमलीच्या हातभर तुकड्यात पाच-सहा वेगळ्या वनस्पती दिसतात. जुलै २०२४ मध्ये ती आणि तिच्या दोन सहकारी आइसलंडमध्ये लाउगावेगुरची पायवाट चालणार होत्या. लांडमानालाउगारच्या गरम झऱ्यांपासून थोर्समोर्कच्या खोऱ्यापर्यंत साधारण ५५ किलोमीटर, आणि पुढे दोन हिमनद्यांमधल्या खिंडीवरून स्कोगारपर्यंत आणखी २५. सहा दिवस, सगळं सामान पाठीवर, वाटेत पूल नसलेल्या नद्या, काळ्या ज्वालामुखी वाळूचं पठार, आणि उन्हाळा असूनही वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस.

निघायच्या दोन महिने आधी तिचा फोन आला. "दादा, पाण्यात टिकणारा सगळ्यात चांगला छोटा कॅमेरा कोणता, एवढंच सांग. जितका खोल जाणारा तितका चांगला, बरोबर ना?"

बरोबर नव्हतं. का नाही, हे सांगायला मला तासभर लागला आणि निवड पक्की व्हायला तीन आठवडे. ती सगळी हकीकत इथे लिहितो आहे, कारण बरेच जण मीटरचा आकडा बघून असा कॅमेरा घेतात आणि मग भलत्याच कारणाने तो, किंवा त्यातले फोटो, गमावून बसतात. खोल पाण्यात नव्हे, एखाद्या झोपडीत बॅटरी बदलताना.

फोटो नेमका कधी मिळतो?

मी तिला उलट विचारलं, "तुला हवा तो फोटो कधी मिळतो गं?"

"पाऊस पडत असताना," ती म्हणाली. आणि मग तिने रॅकोमिट्रियमबद्दल सांगितलं. आइसलंडच्या लाव्हाच्या मैदानांवर याच मॉसची गादी पसरलेली असते. कोरडं असताना त्याची पानं देठाला चिकटून मिटलेली असतात आणि पानांच्या टोकांचे पांढरे केस वर दिसतात, त्यामुळे सगळं रान राखाडी वाटतं. पाणी लागलं की काही मिनिटांत पानं उघडतात आणि तीच गादी हिरवी होते. तिला तो उघडतानाचा क्षण जवळून टिपायचा होता, अगदी एक-दोन सेंटीमीटरवरून.

म्हणजे बाकीचे प्रवासी ज्या क्षणी कॅमेरा पिशवीत टाकतात, त्याच क्षणी हिला तो बाहेर काढायचा होता. "पाऊस थांबला की काढू" हा पर्याय तिच्यासाठी नव्हताच. एवढं कळल्यावर यादीतली अर्धी नावं आपोआप गळाली.

बाकीच्या गरजा पटापट ठरल्या. हातमोजे घालून चालवता यायला हवा. एका हाताने काढता यायला हवा, कारण दुसऱ्या हातात चालण्याची काठी. चार्जिंगची सोय रोज मिळेलच असं नाही. डोंगर, नद्या, सोबतिणींचे फोटोही हवेत, पण ते दुय्यम. नद्या ओलांडताना पाणी फार तर मांडीपर्यंत. सूर मारायचा कुणाचाही बेत नव्हता. हे शेवटचं मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं, कारण खोलीच्या आकड्याचा प्रश्न तिथेच मिटत होता.

एक इंची सेन्सरचा मोह

फोटोच्या दर्जाचा विचार केला की नजर आधी सोनी आरएक्स१०० मार्क ७ किंवा कॅनन जी७ एक्स मार्क ३ अशा कॅमेऱ्यांवर जाते. दोन्ही २०१९ चे, दोन्ही सुमारे ३०० ग्रॅमचे, दोन्हींत एक इंची म्हणतात तो १३.२ × ८.८ मिलिमीटरचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चकती. तिचाही कल तिकडेच होता. "पिशवीत नीट ठेवीन की," असं तिचं म्हणणं.

मीही एकदा असंच म्हटलं होतं. अशाच एका ओल्या प्रवासात माझ्याकडे याच जातीचा एक कॅमेरा होता, दुहेरी झिप पिशवीत ठेवलेला. पाण्याचा एक थेंबही त्याच्यावर पडू दिला नाही. तिसऱ्या दिवशी लेन्सच्या आतल्या काचेवर धुकं बसलं आणि पाचव्या दिवशी लेन्स अर्धी बाहेर येऊन करकरत थांबली, ती पुन्हा आत गेलीच नाही. तेव्हा मला वाटलं, नशीब. नंतर कारण समजलं, आणि ते फार साधं आहे. सुरू करताना ज्या कॅमेऱ्याची लेन्स नळीसारखी पुढे येते, त्याचं आतलं आकारमान वाढतं आणि ती जागा भरायला बाहेरची हवा आत ओढली जाते. लेन्स आत गेली की हवा बाहेर. प्रत्येक वेळी चालू-बंद करताना कॅमेरा असा एक श्वास घेतो. दमट हवेत तो वाफ घेतो, वाळूच्या वाऱ्यात धूळ घेतो, आणि नळीवर बसलेला कण आत जाताना दोन नळ्यांमधल्या फटीत अडकतो. पिशवीत ठेवल्याने यातलं काहीच थांबत नाही, कारण फोटो काढायला तो बाहेर येतोच.

आरएक्स१०० साठी सोनीचं ४० मीटरपर्यंत चालणारं पारदर्शक कवच मिळतं, पण त्यात घातल्यावर तो खिशातला कॅमेरा राहत नाही. पाणबुड्यासाठी ते ठीक आहे. दिवसभर चालणाऱ्या आणि दर अर्ध्या तासाला मॉसपुढे गुडघे टेकणाऱ्या बाईसाठी नाही.

आकडा वाचायचा कसा

मग आम्ही पावसात चालणाऱ्या कॅमेऱ्यांकडे वळलो. इथे दोन कुळं आहेत आणि दुकानाच्या पानावर ती सारखीच दिसतात.

पहिलं कुळ पावसाचे शिंतोडे सोसणाऱ्यांचं. ओएम-५ या छोट्या कॅमेऱ्याला आयपी५३ हे मानांकन आहे. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे धूळ पूर्ण अडत नाही, पण बिघाड होईल इतकी आत जात नाही. ३ म्हणजे उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरपा येणारा फवारा चालतो. आता आडवा पाऊस डोळ्यांपुढे आणा. तो ९० अंशांनी येतो. लगेच काही बिघडेल असं नाही, पण उत्पादकाने दिलेला शब्द त्या पावसाला लागू होत नाही, एवढं खरं. शिवाय जोडीला १२-४५ मिलिमीटरची लेन्स आणि जवळून टिपायला ६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेतली तर एकूण वजन ८५० ग्रॅमच्या पुढे जातं, आणि त्या दोन लेन्सा वाळूच्या पठारावर एकमेकींच्या जागी बसवायच्या. कॅमेरा म्हणून मला तो फार आवडतो. या कामाला मी तो नाकारला.

फुजीफिल्म एक्स१००व्हीआय चं प्रकरण थोडक्यात संपलं. तो पाऊस सोसतो, पण त्यासाठी लेन्सवर अडॅप्टर रिंग आणि फिल्टर चढवावा लागतो, आणि तो साधारण १० सेंटीमीटरपेक्षा जवळ जात नाही.

दुसरं कुळ पाण्यात बुडणाऱ्यांचं. यांची लेन्स बाहेर येत नाही. काचेमागे, अंगातच आडवी किंवा उभी बसवलेली असते आणि झूम करताना सगळी हालचाल आतल्या आत होते. म्हणजे मघाचा तो श्वास इथे बंद. माझ्या मते या कॅमेऱ्यांचा खरा गुण हा आहे, आणि जाहिरातीत तो सगळ्यात कमी दिसतो. जाहिरातीत दिसतात ते मीटर: पॅनासॉनिक एफटी७ ला ३१, निकॉन डब्ल्यू३०० ला ३०, फुजीफिल्म एक्सपी१४० ला २५, आणि ओएम सिस्टिम टीजी-७ ला १५.

तिने हे आकडे बघून लगेच म्हटलं, "मग टीजी सगळ्यात शेवटचा की."

खोलीचा आकडा स्थिर पाण्यातल्या दाबाचा असतो. दर १० मीटरला सुमारे एक वातावरण, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाइतका, दाब वाढतो. मांडीभर पाण्यात तो एक वातावरणाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी वाढतो. १५ मीटरचा असो की ३१ चा, तिच्या नदीत दोघांनाही सारखंच सोपं होतं. त्याउलट एक गोष्ट आकड्यात लपून राहते: बुडण्याची चाचणी पास झाली म्हणजे जोरदार धारेची चाचणी पास झाली असं मानांकनाच्या नियमात धरलं जात नाही, त्या चाचण्या वेगळ्या आहेत. म्हणून मी तिला सांगितलं, कॅमेरा धुवायचा तो भांड्यात बुडवून, नळाच्या जोरकस धारेखाली दाराची फट धरून नाही.

मग या चौघांत फरक कशाचा? उजेडाचा. चौघांचाही सेन्सर १/२.३ इंच या मापाचा, म्हणजे जेमतेम ६.२ × ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. इतक्या लहान सेन्सरवर लेन्स किती उजेड आत घेते यालाच सगळं महत्त्व. ते एफ या आकड्याने सांगतात, आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. रुंद कोनात, म्हणजे झूम न करता, टीजी-७ ची लेन्स एफ/२.०, डब्ल्यू३०० ची एफ/२.८, एफटी७ ची एफ/३.३, एक्सपी१४० ची एफ/३.९. एफ/३.९ च्या तुलनेत एफ/२.० जवळपास चौपट उजेड घेते. ढगाळ आभाळाखाली, दगडाच्या आडोशाला वाढलेल्या मॉससाठी ही चौपट फार मोठी आहे. त्यात टीजी-७ रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची, नंतर सुधारता येणारी फाइल देतो, बाकीचे तीन देत नाहीत. आणि काळी वाळू नि पांढरा बर्फ एकाच चौकटीत असतील तर रॉ फाइलचा आधार लागतोच.

एक इंची सेन्सरशी तुलनाही मी तिच्यासमोर मांडली, कारण तिचं मन अजून तिकडे होतं. त्या सेन्सरचं क्षेत्रफळ टीजीच्या सुमारे चौपट. पण आरएक्स१०० मार्क ७ ची लेन्स रुंद कोनातही एफ/२.८ पासून सुरू होते, त्यामुळे निम्मा फायदा तिथेच जातो आणि उरतो दुप्पट. जी७ एक्स मार्क ३ ची लेन्स एफ/१.८ आहे, तिथे मात्र फरक पाचपटीच्या आसपास राहतो. झूम वाढवला की टीजीची लेन्स एफ/४.९ वर येते आणि ती सरळ हरते. हे मी लपवलं नाही. अंधारात आणि लांबच्या दृश्यांत तुला पश्चात्ताप होईल, असं आधीच सांगून टाकलं.

निर्णय शेवटी मॉसनेच केला. टीजी-७ मध्ये पुढच्या काचेपासून १ सेंटीमीटरवर फोकस होतो. इतक्या जवळ गेल्यावर कॅमेऱ्याची स्वतःचीच सावली पडते, म्हणून कॅमेऱ्यावरच्या एलईडीचा उजेड लेन्सभोवती गोल फिरवणारी एलजी-१ नावाची एक छोटी कडी मिळते. तीही घ्यायला सांगितली. स्क्रीन स्पर्शाचा नाही, सगळं बटणांवर. एरवी लोक याला उणीव म्हणतात, पण ओल्या स्पर्शपडद्यावर पावसाचा थेंब आणि बोट यांतला फरक कळत नाही, आणि जाड मोज्यातलं बोट तर कळतच नाही.

फोनचं काय, हेही तिने विचारलं. तिचा फोन पाण्यात टिकणाराच होता. पण त्या वाटेवर तोच नकाशा, तोच अडीनडीला मदत बोलवायचं साधन. पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक फोनच्या हमीत धरत नाहीत. एकाच वस्तूवर जीव आणि हौस दोन्ही टांगायचं नाही, एवढंच मी म्हणालो.

दार

आता मुख्य गोष्ट.

सीलबंद कॅमेऱ्याला एक-दोन दारं असतात. टीजी-७ मध्ये खाली बॅटरी आणि कार्डाचं, बाजूला यूएसबी-सीच्या जोडणीचं. दार बंद असेल तोवर आत पाणी जाणं कठीण. दार उघडलं की पावसातला कॅमेरा आणि साधा कॅमेरा यांत काही फरक राहत नाही. दाराच्या कडेला रबरी सील आहे आणि त्याच्यावर एक केस आडवा पडला तरी तिथून पाणी वाट काढतं. ज्वालामुखीची वाळू तर काचेसारखी धारदार असते. सीलवर दाबली गेली तर नुसती फट ठेवत नाही, ओरखडाही काढते.

जुने पाणबुडे छायाचित्रकार हे फार पाळायचे. समुद्रसंशोधक जाक कूस्तो यांच्या मोहिमांसाठी जां द वूतेर यांनी बनवलेला कॅलिप्सो कॅमेरा १९६१ मध्ये बाजारात आला, तोच १९६३ पासून निकॉनने निकोनॉस नावाने बनवला आणि २००१ पर्यंत ती मालिका चालली. फिल्म बदलायची म्हणजे तो उघडावाच लागे. ओ-रिंग, म्हणजे सीलची गोल रबरी कडी, काढायची, पुसायची, बोटाने ग्रीसचा पातळ हात द्यायचा, उजेडात धरून बघायची, मगच बंद. आज कार्डात हजारो फोटो मावतात, म्हणून दार क्वचित उघडतं, आणि क्वचित उघडतं म्हणूनच लोक ते घाईने उघडतात.

पण पाण्याइतकंच वाफेचं भय आहे, आणि ते अनेकांना माहीत नसतं. दार उघडलं तेव्हाची हवा आत कोंडली जाते. ती हवा उबदार आणि दमट असेल, आणि नंतर कॅमेरा थंड झाला, तर तिच्यातली वाफ आतल्या सगळ्यात थंड भागावर, म्हणजे पुढच्या काचेच्या आतल्या बाजूवर, पाणी होऊन बसते. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम वाफ असते, ५ अंशांच्या हवेत फार तर ७. कॅमेऱ्यात ५० घनसेंटीमीटर पोकळी धरली तर उबदार हवेतून दीड मिलिग्रॅम पाणी आत जातं आणि थंड झाल्यावर त्यातलं एक मिलिग्रॅमहून जास्त बाहेर पडतं. एक मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण ते काचेच्या एका चौरस सेंटीमीटरवर बसलं तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका थर होतो, आणि फोटोचा मधला भाग धुरकट व्हायला तेवढा पुरतो.

यातून एक उलटं वाटणारं अनुमान निघतं. बाहेर ५ अंश, पाऊस चालू, हवा शंभर टक्के दमट. आत झोपडीत २० अंश, स्टोव्ह पेटलेला, दोरीवर वीस जणांचे मोजे वाळत घातलेले. दार कुठे उघडायचं? सगळे आतच म्हणतील. पण त्या झोपडीतल्या हवेत वाफ साठ-सत्तर टक्के धरली तरी घनमीटरला दहा-बारा ग्रॅम भरते, बाहेरच्या हवेत सातच. थेंब अंगावर येणार नाहीत अशी जागा असेल, म्हणजे छपराखालची ओसरी किंवा तंबूचं तोंड, तर बाहेर उघडणंच शहाणपणाचं. आणि थंड कॅमेरा गरम खोलीत आणल्या आणल्या तर अजिबात उघडायचा नाही. आधी पिशवीतच खोलीइतका गरम होऊ द्यायचा, नाहीतर थंड धातूवर आतून घाम धरतो.

हे मी तिला फोनवर सांगितलं, लिहूनही पाठवलं. शिवाय निघण्याआधी न्हाणीघरात सराव करायला लावला. कॅमेरा अर्धा तास फ्रीजमध्ये, मग शॉवरखाली, हातात मोजे, पन्नास फोटो. पहिल्याच सरावात तिला कळलं की मोज्याने व्हिडिओचं बटण चुकून दाबलं जातं. दुसऱ्या सरावात झूमची पट्टी न बघता सापडायला लागली. बादलीत अर्धा तास बुडवून ठेवला, बाहेरून पूर्ण पुसला, दार उघडून सीलच्या आतल्या कडेला टिशू कागद टेकवून पाहिला. कागद कोरडा. तीन बॅटऱ्या, दोन कार्डं, तरंगणारा पट्टा (हा कॅमेरा पाण्यात दगडासारखा बुडतो), एक मऊ ब्रश, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि दोन फडकी. एवढंच सामान.

लेन्सच्या रक्षणासाठी अडॅप्टर लावून ४०.५ मिलिमीटरचा फिल्टर बसवायची तिची इच्छा होती. ती मी मोडून काढली. फिल्टर आणि मूळ काच यांच्यामध्ये पाणी शिरलं की ते चालता चालता पुसता येत नाही.

वाटेवर

पहिल्याच संध्याकाळी चूक झाली. लांडमानालाउगारला गरम पाण्याचं डबकं आहे, त्यात प्रवासी उतरतात. तिने चुकून जुनं, जवळपास भरलेलं कार्ड घातलं होतं, ते लक्षात आलं आणि डबक्याच्या काठावरच, भोवती वाफा उठत असताना, तिने दार उघडून कार्ड बदललं. हात कोरडे केले होते, सील तपासलं होतं, केस नव्हता, वाळू नव्हती. सगळं पाळलं आणि हवा विसरली.

दुसऱ्या दिवशी वाट वर चढत जाते, तिथे जुलैतही बर्फाचे पट्टे असतात. बर्फाच्या कडेला उगवलेल्या मॉसचा खालून फोटो घ्यायला तिने कॅमेरा बर्फावर टेकवला. दोनेक मिनिटांत स्क्रीनवर मध्यभागी एक पांढरट गोल उमटला. तिने काच पुसली. गोल तसाच. पुन्हा पुसली. मग कॅमेरा तिरपा धरून बघितल्यावर धुकं आतल्या बाजूला दिसलं. "पोटात गोळा आला रे दादा," ती नंतर म्हणाली, "वाटलं, संपला." तो पूर्ण दिवस मॉसचे फोटो मिळाले नाहीत. त्या दिवशी पाऊसही उत्तम होता.

रात्री झोपडीत तिने कॅमेरा तासभर पिशवीतच गरम होऊ दिला. मग ओसरीवर येऊन, वाऱ्याकडे पाठ करून, दोन्ही दारं उघडली, तोंड खाली धरून दहा मिनिटं तशीच उभी राहिली. नंतर कोरड्या पिशवीत, दारं उघडीच ठेवून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत रात्रभर बंद. पहाटे ओसरीवरच दारं लावली. पुढचे चार दिवस आत धुकं धरलं नाही. बॅटरी तिने एकदाच बदलली, तीही तशीच, बाहेर, सकाळी निघताना. एका चार्जमध्ये ३३० फोटो हा या कॅमेऱ्याचा प्रमाणित आकडा आहे. थंडीत तितके येत नाहीत, पण सुट्या बॅटऱ्या तिने आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवल्या होत्या, त्याचा फायदा झाला.

थेंबांनी मात्र रोज छळलं. यावर मी पुरेसं बोललो नव्हतो, ही माझी चूक. या कॅमेऱ्यांची पुढची काच लहान असते, त्यामुळे पावसाचा एकच थेंब फोटोचा मोठा भाग खराब करतो, आणि तो मागच्या लहानशा स्क्रीनवर पावसात दिसतही नाही. पहिल्या दोन दिवसांचे जवळपास निम्मे दूरदृश्यांचे फोटो यात गेले. ओलं झालेलं फडकं पाणी पुसत नाही, पसरवतं. तिसऱ्या दिवसापासून तिने पद्धत बदलली: कॅमेरा छातीवर, काच अंगाकडे, वाऱ्याकडे पाठ करूनच बाहेर काढायचा, एक फडकं फक्त काचेसाठी, आतल्या खिशात. आणि एक युक्ती तिची तिनेच शोधली. जवळ स्वच्छ ओढा असेल तर कॅमेरा सरळ पाण्यात बुडवायचा, बाहेर काढायचा आणि लगेच फोटो घ्यायचा. काचेवर क्षणभर पाण्याचा सलग, सपाट पडदा राहतो आणि तो थेंबांसारखा दिसत नाही. हिमनदीच्या गढूळ पाण्यात हे करायचं नाही, त्यात बारीक दगडी पीठ असतं. हे ऐकून मला खरोखर आनंद झाला, कारण साध्या कॅमेऱ्याने हे करण्याचा कुणी विचारही करणार नाही.

नदीत एकदा ती घसरली. गुडघ्यावर बसली, कमरेपर्यंत भिजली, कॅमेरा पट्ट्यासकट दोन-तीन सेकंद पाण्यात होता. खोलीच्या आकड्याची सहा दिवसांतली परीक्षा ती एवढीच.

काय मिळालं नाही, तेही सांगतो. झोपडीतल्या संध्याकाळचे फोटो वाईट आले. एका मेणबत्तीच्या उजेडात तिघींचे चेहरे आहेत, आणि गालांवर तांदळाच्या कण्या सांडल्यासारखे रंगीत ठिपके. लांबच्या कड्यावरचे पक्षी ठिपक्याएवढे. झूम १०० मिलिमीटरपाशी संपतो. स्कोगारच्या ६० मीटरच्या धबधब्याचा फोटो सोबतिणीच्या फोनने जास्त चांगला आला, कारण तिने तुषार थांबतात तिथून, निवांत घेतला. अनेक फोटो जोडून खोलवर स्पष्टता देणारी सोय टीजी-७ मध्ये आहे, तिच्यावर मोठी भिस्त होती, पण वाऱ्यात मॉस हलतं आणि जोडलेल्या फोटोत पानांना दोन-दोन कडा येतात. ती सोय फक्त दगडांच्या कपारीत, वारा नसताना उपयोगी पडली.

आणि तरीही चौथ्या दिवशीचा एक फोटो आहे. काळ्या वाळूच्या पठाराच्या कडेला, पाऊस सुरू होऊन पाचेक मिनिटं झालेली. रॅकोमिट्रियमची एकच फांदी. खालची पानं उघडलेली, हिरवी; वरची अजून मिटलेली, राखाडी, टोकांचे पांढरे केस एकमेकांना चिकटलेले. त्या दोहोंच्या मधोमध एका केसाच्या टोकावर पाण्याचा थेंब, आणि थेंबात उलटं आभाळ, आभाळाच्या कडेला तिच्या टोपीची काळी कड. काच थेंबापासून दीड सेंटीमीटरवर होती, असं ती म्हणाली. तिच्या पाठीवर तेव्हा पाऊस आपटत होता.

परत आल्यावर

समुद्रकाठची खारी हवा लागली होती म्हणून तिने पोहोचल्या दिवशीच कॅमेरा दारं बंद ठेवून गोड्या पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं बुडवून ठेवला, पाण्यातच बटणं दाबून हलवली, मग सावलीत वाळवला. पुढच्या रविवारी तो घेऊन माझ्याकडे आली. आम्ही भिंग लावून दाराची सीलं बघितली. बाजूच्या दाराची सील जशीच्या तशी होती, कारण ते दार तिने धुकं घालवायलाच काय ते उघडलं होतं. खालच्या दाराच्या बिजागरीत मात्र मोहरीहून लहान एक काळा कण रुतून बसला होता. सीलपासून तो दोन मिलिमीटर अलीकडे होता. ब्रशने निघाला नाही, ओल्या कापसाच्या काडीने निघाला.

सील वर्षातून एकदा बदलून घ्यायची असते. मी म्हटलं, पुढच्या प्रवासाआधी घेऊ. ती म्हणाली, "नाही दादा, आत्ताच घेऊ. पुढच्या महिन्यात पुन्हा पाऊस आहे."